मेंदूच्या इजेनंतरचे निवासी केंद्र : चांगले कशावरून ओळखायचे?

डोक्याला जबर मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण वाचतो, अतिदक्षता विभागातून बाहेर येतो, एकेक करून नळ्या निघतात आणि एके दिवशी डिस्चार्जचा कागद हातात पडतो. त्यानंतर घरच्यांपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याची पूर्वकल्पना त्यांना बहुतेकदा कोणीच दिलेली नसते. माणूस जिवंत आहे, पण एकटा राहू शकत नाही. आणि त्याला चोवीस तास सांभाळायचे म्हटले, तर घरातल्या एका कमावत्या माणसाला नोकरी सोडावी लागते. काही घरे रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस ठेवून निभावतात. काहींना ते पैशाने, जागेने किंवा वयाने झेपत नाही आणि मग निवासी केंद्राचा शोध सुरू होतो. असे केंद्र चांगले की वाईट हे कसे ठरवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण या दुखण्यात ज्याची सेवा व्हायची तोच सेवेबद्दल नीट तक्रार करू शकेल याची खात्री नसते.

प्रथम कोणाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. जन्मानंतर कधीतरी, तोवर व्यवस्थित काम करणाऱ्या मेंदूला झालेली इजा म्हणजे संपादित मेंदू-इजा (ॲक्वायर्ड ब्रेन इंज्युरी). तिच्या कारणांत अपघात, उंचावरून पडणे, मारहाण, पक्षाघात, मेंदूज्वर, गाठीची शस्त्रक्रिया, तसेच बुडाल्यामुळे, गळफासामुळे किंवा हृदय बंद पडल्यामुळे मेंदूला काही मिनिटे प्राणवायू न मिळणे, हे सगळे येते. जन्मजात बौद्धिक अपंगत्व यात येत नाही आणि वर्षागणिक वाढत जाणारा स्मृतिभ्रंशही येत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांच्या आकड्याची बातमी होते. जखमींपैकी किती जण मेंदूची इजा घेऊन पुढची तीस-चाळीस वर्षे जगणार आहेत, हे त्या आकड्यात दिसत नाही. दुचाकीवरून पडणारा माणूस बहुधा तरुण असतो. त्यामुळे इथे गरज असते ती आयुष्याच्या शेवटच्या दोन-चार वर्षांच्या सोयीची नव्हे, तर आख्ख्या उमेदीच्या काळाची.

नेमकी इथेच वृद्धाश्रमाची सोय तोकडी पडते. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला ऐंशीच्या घरातल्या माणसांत ठेवले, तर जेवणखाण वेळेवर होईल, पण त्याच्या जोडीचे तिथे कोणी नसेल आणि हात-पाय किंवा वाचा सुधारण्यासाठी जी मेहनत घ्यायची असते तिची तिथे सवयच नसेल. ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नाही. आयर्लंडच्या लोकपालांनी २०२१ साली एक अहवाल काढून दाखवून दिले, की पासष्ट वर्षांखालची तेराशेहून अधिक अपंग माणसे त्या लहानशा देशात वृद्धांच्या शुश्रूषागृहांत राहत होती, आणि त्यांतल्या अनेकांपुढे दुसरा पर्यायच ठेवला गेला नव्हता. ऑस्ट्रेलियाने तर १ जानेवारी २०२५ ही तारीख ठरवून, त्यानंतर पासष्टखालचा कोणीही वृद्धसेवा केंद्रात राहू नये असे उद्दिष्ट जाहीर केले होते. पैसा आणि व्यवस्था दोन्ही असलेल्या देशांनाही हे कोडे सुटायला इतका वेळ लागतो.

दुसरे टोक म्हणजे मनोरुग्णांसाठीचे पुनर्वसन केंद्र. रुग्ण चिडतो, शिव्या देतो, रात्री उठून निघून जायला बघतो, म्हणून घरचे लोक त्याला तिथे नेतात. तिथले कर्मचारी तापट माणसाला हाताळण्यात तयार असतात. पण मेंदूच्या इजेतून येणारी चीड आणि मानसिक आजारातून येणारी चीड यांची कारणे वेगळी असतात, त्यामुळे उपायही वेगळे लागतात.

हा फरक समजण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागाचे काम थोडक्यात समजून घ्यावे लागेल. कपाळामागचा हा भाग हात-पाय थेट फारसे हलवत नाही, तो ठरवतो. कशाला सुरुवात करायची, कुठे थांबायचे, समोरच्याला काय वाटेल, आधी काय आणि नंतर काय, हे सगळे तिथे ठरते. अपघातात हा भाग आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासले जातात, म्हणून त्यांना इजा होण्याचे प्रमाण मोठे असते. परिणामी माणूस चालतो, बोलतो, जुन्या आठवणी अचूक सांगतो, पाहुण्याला ठणठणीत वाटतो. आणि तरीही सकाळी उठून दात घासायला सुरुवात करणे त्याला जमत नाही. तो आळशी झालेला नसतो. त्याला दात घासायचे आहेत हे माहीत असते, ब्रश समोर असतो, पण ‘आता कर’ हा आतला हुकूमच सुटत नाही. काहींच्या बाबतीत उलटे होते : हुकूम सुटतो, पण लगाम राहत नाही, आणि मनात आले ते तोंडातून किंवा हातून होऊन जाते. याच्या जोडीला ताजी स्मृती न टिकणे, थोड्याशा कामाने प्रचंड थकवा येणे आणि आपल्यात काही कमी आहे याचीच जाणीव नसणे, ही तीन लक्षणे वारंवार दिसतात.

आता या माणसाला विचारा, ‘इथे कसे वाटते?’ तो म्हणेल, ‘छान आहे.’ ज्याला काल काय झाले ते आठवत नाही, तो कालची तक्रार आज करू शकत नाही. काही जण स्मृतीतली भगदाडे नकळत कल्पनेने बुजवतात आणि न झालेली सहल रंगवून सांगतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांच्यापुरते ते खरेच असते. आणि ज्याच्यातला ‘सुरुवात करण्याचा’ भाग गेला आहे, तो खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर बसून राहील, कोणाला त्रास देणार नाही, आणि कर्मचारी म्हणतील की हा आमचा सर्वांत गुणी पेशंट आहे. माझ्या मते केंद्राची पारख या गुणी पेशंटवरूनच करावी. आरडाओरडा करणाऱ्याकडे कोणीतरी धावतेच. गप्प बसणाऱ्याकडे कोण कधी गेले, हे पाहिले की त्या जागेचा दर्जा कळू लागतो.

याचा अर्थ शरीराची निगा दुय्यम आहे असा नाही. ती पहिली पायरी आहे आणि तिथेच घसरणाऱ्या जागांचा पुढे विचारही करू नये. या बाबतीत मुंबईतच एक दाखला आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात राहिल्या. त्यांच्या प्रकरणातील ७ मार्च २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दयामरणाच्या संदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातला सेवेचा भाग वेगळा काढून वाचावा असा आहे. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, असे रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले होते. तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरांनी हेही नोंदवले, की खोलीत माणसांची गर्दी झाली की त्या आवाज काढत, आणि गर्दी हटली, भक्तिगीते लावली किंवा कोणी हातावरून हात फिरवला की शांत होत. जी व्यक्ती एक शब्द बोलू शकत नव्हती, तिला काय आवडते आणि काय सोसत नाही हे तिच्या सेविकांना माहीत होते. मोठ्या सरकारी रुग्णालयात, कोणत्याही चकचकीत सोयीशिवाय, हे घडले. निकालाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत काहीही असो, सेवेचा हा भाग मान्य करावा लागतो.

शय्याव्रण, म्हणजे ज्याला आपण सरसकट बेडसोर म्हणतो, हा दर्जाचा इतका चांगला मापदंड का ठरतो? कारण तो टाळण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, मात्र कधीही खंड न पडणारी शिस्त लागते. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, रात्री तीनलाही आणि दिवाळीच्या पाडव्यालाही. ओले कपडे लगेच बदलावे लागतात. टाचा, माकडहाड आणि नितंबांची हाडे रोज डोळ्यांनी पाहावी लागतात, आणि लाली दिसली की तिथेच थांबून विचार करावा लागतो. एखाद्या केंद्रात तुमच्या माणसाला जखम झाली, तर ‘होतेच हो अशा पेशंटना’ हे उत्तर स्वीकारू नये. क्वचित होते, हे खरे. पण कधी दिसली, किती मोठी होती, काय केले, याची तारीखवार नोंद मागावी. नोंद असेल तर चूक सुधारण्याची वाट तरी असते.

गिळण्याचा प्रश्न त्याहून फसवा असतो. मेंदूच्या इजेनंतर घशाच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडतो आणि पाण्यासारखा पातळ घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. निरोगी माणसाला ठसका लागतो. या रुग्णांपैकी काहींना ठसकाही लागत नाही आणि चार दिवसांनी थेट न्यूमोनिया दिसतो. म्हणून जेवण भरवण्याची वेळ केंद्रात मुद्दाम जाऊन पाहावी. रुग्ण पाठ सरळ करून बसवला आहे का, की उशीला टेकवून आडवाच ठेवला आहे? भरवणारी मावशी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली आहे, की उभ्यानेच वरून घास देते आहे आणि त्यामुळे त्याला मान मागे टाकावी लागते आहे? मागचा घास गिळला गेला याची खात्री करून पुढचा येतो का? पाणी, चहा किंवा आमटी किती दाट द्यायची हे वाचा-उपचार तज्ज्ञाने ठरवून कुठे लिहिले आहे का, आणि ते स्वयंपाकघरातही माहीत आहे का? जेवल्यानंतर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येऊ लागला तर काय करायचे हे त्या मावशींना विचारावे. त्यांनी बरोबर सांगितले, तर त्या केंद्राने प्रशिक्षणावर वेळ घालवला आहे असे समजायला हरकत नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी रुग्णाला आडवे करू नये, हा साधा नियम पाळला जातो की नाही हेही तिथेच दिसते.

फिट येणे, सांधे आखडणे, लघवीच्या नळीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ यांबद्दल असेच खोलात जाता येईल. इथे दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या हमखास सुटतात. शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल आणि अजून बसवला नसेल, तर ती बाजू कोणती हे प्रत्येक पाळीतल्या माणसाला माहीत असले पाहिजे. पलंगाशी लिहिलेलेच असले पाहिजे. आणि मेंदूतले पाणी पोटात उतरवणारी शंट नावाची नळी बसवलेली असेल, तर वाढती झोप, उलट्या आणि डोकेदुखी म्हणजे ‘आज जरा सुस्त आहे’ नव्हे, ती नळी तुंबल्याची खूण असू शकते आणि तेव्हा तासाभराचा उशीरही महाग पडतो.

इथवर झाली शरीराची निगा. मेंदूच्या इजेसाठीचे म्हणून जे केंद्र असते, त्याची खरी कसोटी त्यापुढे लागते, आणि ती म्हणजे जागेपणीचे चौदा तास कसे जातात.

एक कप चहा करण्याचे उदाहरण घेऊ. पातेले काढणे, पाणी मोजणे, गॅस लावणे, साखर, पूड, उकळी, दूध, पुन्हा उकळी, गॅस बंद, गाळणे. आपल्याला हे एकच काम वाटते. ज्याची योजना आखण्याची क्षमता गेली आहे त्याच्यासाठी ही दहा स्वतंत्र कामे आहेत, आणि प्रत्येकानंतर ‘आता काय?’ हा अंधार आहे. चांगल्या केंद्रातला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा तज्ज्ञ, या दहा पायऱ्यांची चित्रे ओट्यामागच्या भिंतीवर क्रमाने लावतो. पहिल्या आठवड्यात मदतनीस रुग्णाच्या हातावर हात ठेवून प्रत्येक पायरी करून घेतो. मग फक्त बोट दाखवतो. मग ‘पुढचे चित्र बघ’ एवढेच म्हणतो. आणि मग नुसता उभा राहतो. यात रुग्णाला ‘आठवून बघ बरे’ असे म्हणत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. ज्याची नवी स्मृती कमजोर आहे, त्याला आपण आधी चुकलो होतो हे आठवत नाही, पण चुकीची हालचाल मात्र हाताला लागून राहते. म्हणून चूक होण्याआधीच योग्य पायरी दाखवून द्यायची, अशी ही पद्धत आहे. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली तिचा पुरावा प्रयोगाने मांडला, आणि त्यानंतर स्मृतिदोष असलेल्यांच्या पुनर्वसनात ती रुळली.

पण हिशेब असा, की मदतनीस मामांनी चहा करून हातात दिला तर पाच मिनिटे लागतात आणि रुग्णाकडून करून घेतला तर पंचवीस. एका मामांकडे बारा रुग्ण असतील तर ते काय करतील हे सांगायला नको. चहाच काय, ते सदऱ्याची बटणेही लावून देतील, भातही भरवतील, आणि हे सगळे प्रेमाने करतील. सहा महिन्यांनी तो माणूस स्वतः बटण लावायला विसरलेला असेल. या दुखण्यात मदतीचा अतिरेकही इजा करतो, आणि ती इजा कोणाच्या नजरेस येत नाही कारण सगळे व्यवस्थित चाललेले दिसते. म्हणून ‘तुमच्याकडे किती कर्मचारी आहेत?’ या प्रश्नापेक्षा ‘सकाळी सात ते दहा या वेळात एका मदतनीसाकडे किती जण असतात?’ हा प्रश्न उपयोगी ठरतो. एकूण संख्येत स्वयंपाकी, सुरक्षारक्षक आणि रजेवर गेलेलेही धरलेले असतात.

फिजिओथेरपीचा तास झाला म्हणजे पुनर्वसन झाले, ही समजूतही याच कारणाने सोडावी लागते. माहितीपत्रकावर समांतर दांड्या, सायकल आणि रंगीत चेंडूंचे फोटो असतात. तासभर चालण्याचा सराव करून घेतलेल्या माणसाला उरलेले तेवीस तास चाकाच्या खुर्चीतून फिरवले, तर तो चालायला शिकत नाही. तो तासभर चालायला शिकतो. शिकवलेली गोष्ट जेवणघरापर्यंत जाताना, अंघोळीला जाताना, अंगणात कपडे वाळत घालताना वापरली गेली पाहिजे, आणि त्यासाठी फिजिओने काय शिकवले हे रात्रपाळीच्या मावशींना माहीत असावे लागते.

आता रागाबद्दल. मेंदूच्या इजेनंतर अंगावर धावून जाणे, वस्तू फेकणे, अश्लील बोलणे हे घडते, आणि त्याची झळ बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसाला बसते. अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात : झोपेचे औषध वाढवणे किंवा हात पलंगाला बांधणे. दोन्हींनी शांतता मिळते. पहिल्याने मेंदूची आधीच मंद झालेली गती आणखी मंदावते, माणूस तोल जाऊन पडतो, गिळणे बिघडते; दुसऱ्याने भीती वाढते आणि पुढचा उद्रेक मोठा होतो. काही वेळा तर फिटसाठी दिलेले लेव्हेटिरासिटॅमसारखे औषधच चिडचिडीला कारण असते आणि ते डॉक्टरांना सांगून बदलता येते. चांगले केंद्र आधी वहीत तीन रकाने लिहिते : उद्रेकाच्या आधी काय घडले, नेमके काय झाले, आणि त्यानंतर लोकांनी काय केले. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा काहीतरी दिसते. दर वेळी दुपारचे जेवण झाल्यावर टीव्ही मोठ्याने चालू असताना होते. किंवा पोट तीन दिवस साफ नसते तेव्हा होते. किंवा एकाच मामांच्या पाळीत होते. टीव्हीचा आवाज कमी करायला औषधाची चिठ्ठी लागत नाही.

बांधून ठेवण्याबद्दल मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट आहे. कलम ९७ नुसार, तात्काळ होऊ घातलेली इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल आणि मनोविकारतज्ज्ञाने अधिकृत मान्यता दिली असेल तरच बंधन वापरता येते. शिक्षा म्हणून ते वापरता येत नाही, आणि केवळ माणसे कमी आहेत म्हणूनही वापरता येत नाही. एकांत कोठडी तर पूर्ण निषिद्ध आहे. हा नियम त्या कायद्याखाली येणाऱ्या संस्थांसाठी आहे. पण ज्या केंद्राला तो लागू नाही, त्यालाही याच मापाने मोजण्यात काही चूक नाही. ‘तुमच्याकडे गेल्या महिन्यात किती वेळा कोणाला बांधावे लागले?’ असे सरळ विचारावे. ‘कधीच नाही’ हे उत्तर ऐकायला गोड असते, पण माझा भरवसा ‘दोनदा, ही बघा नोंद’ असे म्हणणाऱ्यावर जास्त बसतो.

बाहेरून तपासणी कशी होते याकडे वळू. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था प्रत्येक केंद्राला पाच प्रश्नांवर तपासते : ते सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीने वागते का, व्यक्तीच्या गरजेनुसार बदलते का आणि त्याचे नेतृत्व नीट आहे का. त्यावरून ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरे’ अशी चारपैकी एक श्रेणी देऊन अहवाल सर्वांसाठी खुला करते. व्यवस्था उत्तम. पण ही श्रेणीपद्धत येण्याआधी, याच कमिशनच्या देखरेखीखाली असताना, ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अपंगांच्या खासगी रुग्णालयातली मारहाण २०११ साली बाहेर आली ती बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यामुळे. तिथल्या एका परिचारकाने त्याआधीच याच कमिशनला कळवले होते आणि ते पत्र तसेच पडून राहिले होते. तिथे नातेवाइकांना वॉर्डापर्यंत जाऊ दिले जात नसे आणि भेट वेगळ्या खोलीत होत असे. ‘भेटीची वेळ रविवारी चार ते पाच, तीही ऑफिसात’ असे सांगणाऱ्या जागेबद्दल मन साशंक झाले पाहिजे ते यासाठी.

आपल्याकडे मेंदूच्या इजेसाठी म्हणून वेगळा परवाना किंवा श्रेणी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५० नुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागते; मानसिक आजारासाठीच्या संस्थेची नोंदणी २०१७ च्या कायद्याखाली होते; आणि शुश्रूषागृह असेल तर महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. केंद्र यांपैकी कशाखाली नोंदले आहे हे विचारून प्रमाणपत्र पाहावे. यांतले काहीच नसेल आणि बंगल्यावर नुसती पाटी असेल, तर उद्या काही घडल्यास दाद कोणाकडे मागायची हेच ठरत नाही. प्रमाणपत्र दर्जाची हमी देत नाही, हेही तितकेच खरे. ते फक्त सांगते की कोणीतरी जबाबदार आहे.

मग स्वतः पाहणे उरते. ठरवून दिलेल्या सकाळच्या वेळेऐवजी दुपारी चारला किंवा रविवारी जावे, कारण तेव्हा तज्ज्ञ नसतात आणि जागेचे खरे रूप दिसते. पाटीवरच्या वेळापत्रकावर विसंबू नये. एखाद्या मदतनीसाला विचारावे, ‘त्या खिडकीजवळच्या दादांनी काल दुपारी काय केले?’ नाव घेऊन, थोडे हसून, काहीतरी नेमके उत्तर आले, ‘काल त्यांनी शेंगा सोलल्या, निम्म्या खाल्ल्याच’, तर बरेच काही मिळाले. मदतनीस किती वर्षे टिकतात हे विचारावे. स्मृती अधू असलेल्या माणसाला दर दोन महिन्यांनी नवा चेहरा दिला, तर त्याच्या लेखी रोज परका माणूस त्याचे कपडे काढायला येतो. मावशी-मामा टिकत नाहीत त्याचे कारण बहुतेकदा पगार असते, आणि जागेचे भाडे व रंगरंगोटीवर होणारा खर्च त्यांच्या पगाराशी ताडून पाहिला तर केंद्राचा प्राधान्यक्रम समजतो.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे हमखास राहून जातो. डाव्या मेंदूच्या इजेत वाचा जाते किंवा शब्द सापडत नाहीत. सावंतवाडीच्या माणसाला आयुष्यभर मालवणीची सवय. पुण्याच्या केंद्रात त्याला हिंदीतून सूचना मिळू लागल्या, तर त्याला समजत नाही, आणि कागदावर नोंद होते की ‘सूचना पाळत नाही’. सगळे कर्मचारी त्याची भाषा बोलणारे मिळतील असे नाही. पण वीस-पंचवीस रोजचे शब्द लिहून पलंगाशी लावता येतात. ते काम घरच्यांचे. त्यासोबत एक पानभर माहितीही द्यावी : हा माणूस कोण होता, काय काम करत होता, त्याला घरी काय म्हणतात, चहा किती गोड लागतो, कोणत्या गोष्टीने तो बिथरतो, कोणते गाणे लावले की रमतो. एसटीत वीस वर्षे चालक असलेला माणूस पहाटे चारला उठून दाराशी जात असेल, तर तो ‘पळून जायला बघतो’ असे म्हणण्याआधी त्याची ड्युटी पहाटेची होती हे कोणीतरी सांगायला हवे.

कायद्यातली एक पोकळी मात्र घरच्यांनी आधीच समजून घ्यावी. प्रौढ वयात मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या वतीने सही कोणी करायची? राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालक नेमता येतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे; प्रौढपणी आलेली मेंदूची इजा त्यात सहसा बसत नाही. २०१७ च्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी असतो, पण त्याचा अधिकार उपचारांपुरता. बँकेचे खाते किंवा फ्लॅट त्याच्या हाती येत नाही. २०१६ च्या कायद्यातील कलम १४ मर्यादित पालकत्वाची सोय करते, आणि त्याचा रोख माणसाच्या जागी निर्णय घेण्यावर नसून त्याच्यासोबत घेण्यावर आहे. पूर्ण बेशुद्धावस्थेतल्या रुग्णासाठी कोणताच कायदा पुरेसा नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा अधिकार वापरून पत्नीला पालक नेमले होते. केंद्राचे शुल्क रुग्णाच्याच पैशातून द्यायचे असेल, तर वकिलाचा सल्ला प्रवेशाआधी घ्यावा. खाते गोठल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

पैशाच्या बाबतीत, इजा वाहन अपघातातली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मदतनीसाचा आयुष्यभराचा खर्च स्वतंत्रपणे मागता येतो. मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका लहान मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन मदतनीसांचा खर्च वयानुसारचा गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयावरून ठरणाऱ्या आकड्याने गुणून, मंजूर केला. तडजोडीत एकरकमी रक्कम घेऊन मोकळे होण्याची घाई घरात असते, वकिलालाही असते. पण निवासी सेवेचा मासिक खर्च पुढच्या तीस वर्षांवर पसरून पाहिल्याशिवाय सही करू नये.

केंद्राशी करार करताना शुल्काच्या आकड्यापलीकडच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण जाणार आणि केंद्रातली त्याची जागा किती दिवस राखून ठेवणार? वर्तनाच्या कारणाने ‘घेऊन जा’ असे सांगायचे झाल्यास किती दिवसांची मुदत देणार? आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टर, थेरपिस्ट, मदतनीस, घरचे लोक आणि शक्य असेल तर स्वतः रुग्ण, यांची बैठक होऊन उद्दिष्टे पुन्हा ठरणार का? मेंदूची सुधारणा पहिल्या वर्षात वेगाने होते हे खरे, पण ती तिथे संपत नाही. पाच-सात वर्षांनीही माणूस नवे कौशल्य मिळवू शकतो. त्यामुळे आज चोवीस तासांची मदत लागणाऱ्याला कायम तेवढीच लागेल असे धरून चालणे चूक आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ५ दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देते आणि तिच्यावर विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती करता येत नाही असेही म्हणते. म्हणून संचालकांना भेटाल तेव्हा, किती खाटा भरलेल्या आहेत हे ते स्वतःहून सांगतीलच. तुम्ही त्यांना विचारा, की आतापर्यंत इथून किती जण घरी गेले, किंवा कमी मदत लागेल अशा जागी राहायला गेले, आणि त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी केंद्र करते का.